शोभाबाईंचा जपानी प्लेअर

समुद्रपूरच्या बस स्टँडवरून बाजाराकडे वळलं की डाव्या हाताला सरकी-ढेपेचं एक दुकान होतं. पाटीवर नाव मोतीलाल यांचं होतं आणि गल्ल्यावरही तेच बसत. पण भाव करायला आलेला माणूस बोलता बोलता दुकानामागच्या दाराकडे एकदा तरी पाहायचा. त्या दाराला फुलाफुलांचा पडदा होता आणि पडद्याआड शोभाबाई बसायच्या. माल कोणाकडून उचलायचा, कोणता गाडीवाला पावसात पोती भिजवून वर कोरडी रचून आणतो, हे सगळं त्या पडद्याआडून ठरायचं. बाहेर फक्त मोतीलालांचं खाकरणं ऐकू यायचं.

शोभाबाई संशयी आहेत, हे गावानं कधीच मान्य करून टाकलं होतं. त्यांना स्वतःला तो शब्द आवडायचा नाही. "संशय नाई बावा, लक्ष," असं त्या म्हणायच्या.

हे लक्ष त्यांना लग्नातून मिळालं होतं. त्या मूळच्या वडनेरच्या. मुलाचं समुद्रपुरात दुकान आहे, एवढं ऐकून त्यांच्या वडिलांनी त्यांना दिलं. सासरी आल्यावर कळलं, की दुकान थोरल्या दिरांचं आहे आणि आपला नवरा तिथं पोती उचलतो. स्वतःचं दुकान व्हायला मुलगा निकेश शाळेत जाईपर्यंतचा काळ गेला. मोतीलाल खोटं बोलले नव्हते. "मले कोनी इचारलंच नाई," असं ते अजूनही म्हणत, आणि ते खरंच होतं. शोभाबाईंनी त्यातून एवढंच घेतलं, की लोक फार खोटं बोलत नाहीत. विचारल्याशिवाय सांगत नाहीत, एवढंच. आणि विचारून सांगितलं तर ते अर्धं असतं. उरलेलं अर्धं पाहून घ्यावं लागतं.

पाहून घ्यायची सोय पुढं लग्नाच्या कॅसेटींनी केली. त्या वर्षांत लग्न म्हटलं की व्हिडिओवाला आलाच. लग्नानंतर वर्षभर ती कॅसेट सोयऱ्यांच्या घरोघरी फिरायची. बायका साड्या पाहायच्या, पुरुष मांडवाचा खर्च जोखायचे. शोभाबाई मात्र नवरा-नवरीकडे पाहायच्याच नाहीत. त्या मागच्यांना पाहायच्या. वरमाला चालू असताना मागे कोण कोणाला कोपर मारतं, पंगतीत कोणती सून शेवटी बसते, सासरा हसतो तेव्हा घरच्या बाया हसतात का खाली पाहतात. एकदा अशाच एका कॅसेटमध्ये त्यांनी दाखवून दिलं, की मुलाचा काका प्रत्येक वेळी मुलाच्या डाव्या बाजूलाच उभा आहे आणि बोलताना त्याच्या कानाशी वाकतो आहे. "पोराले उजव्या कानानं ऐकू येत नाई," त्या म्हणाल्या. चौकशी केली तर तसंच निघालं. तेव्हापासून आळीतल्या बायका स्थळ आलं की मुलाकडच्यांकडून त्यांच्या घरातल्या एखाद्या लग्नाची कॅसेट मागवायच्या आणि शोभाबाईंच्या पुढ्यात आणून ठेवायच्या. मागण्याची पद्धतही ठरून गेली होती. "आमच्या पोरीले नवरीचा मेकअप पाहाचा हाय," असं सांगायचं.

मग व्हीसीआर बिघडला, आणि दुरुस्त करणारा म्हणाला की आता याचे भाग मिळत नाहीत. शोभाबाईंना त्याचंही खरं वाटलं नाही, पण इलाज नव्हता. घर दोन वर्षं तसंच होतं. आणि दोन हजार चारच्या दिवाळीत निकेश नागपूरहून तो काळा डबा घेऊन आला.

निकेश नागपुरात कॉम्प्युटर शिकवायच्या क्लासमध्ये नोकरीला होता. त्यानं डबा टीव्हीखाली ठेवला, तारा जोडल्या आणि म्हणाला, "आई, हे डीव्हीडी प्लेअर. जपानी हाय. पिक्चर असा साफ दिसते, का माणसाच्या तोंडावरची माशी दिसते."

शोभाबाईंनी डब्याला हात लावला नाही. त्याच्यातून निघालेल्या दोन तारांकडे त्या पाहत होत्या. प्रत्येक तारेच्या टोकाला दोन शिंगांचं, बटणांनी भरलेलं काहीतरी होतं.

"हे काय?"

"रिमोट."

"रिमोटले तार?"

"म्हणजे हरवत नाई नं."

"अन् दोन काऊन?"

निकेश जरासा थांबला. "एक तुले, एक बाबूजींना."

"पिक्चर पाहाले दोघांनी बटनं दाबा लागते?" शोभाबाई म्हणाल्या. "असा कोनता पिक्चर हाय?"

धाकटी रीता दारात उभी राहून हसत होती. ती हिंगणघाटला बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती आणि भावाला जे माहीत असतं ते तिलाही माहीत असायचं. शोभाबाईंनी ते हसणं मनात नोंदवून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या पडद्याआड बसलेल्या असताना घरातून गाड्या घरघरल्यासारखा आवाज येऊ लागला. त्या उठून गेल्या. टीव्हीवर एक लाल गाडी रस्त्यानं सुसाट पळत होती आणि निकेश ते शिंगाचं रिमोट हातात धरून गाडी वळेल तसा स्वतः वळत होता.

"काय पाहून राह्यला?"

"इंग्लिश पिक्चर हाय, आई. रेसचा."

शोभाबाई थोडा वेळ उभ्या राहून पाहत होत्या. गाडी झाडावर आपटली, परत उभी राहिली, परत पळाली.

"हिरो कुठं हाय?"

"अजून आला नाई."

"बरं," त्या म्हणाल्या आणि परत गेल्या. हिरो आला का, हे विचारायला त्या संध्याकाळपर्यंत तीनदा आत येऊन गेल्या. तो आला नाही.

पण डबा खरंच पिक्चर दाखवायचा. निकेशनं जाताना रीताला शिकवलं, रीतानं आईला. फुलीचं बटण दाबलं की सुरू, गोळ्याचं दाबलं की बंद. शोभाबाई जुने हिंदी पिक्चर लावू लागल्या. भारनियमनातून वाचलेल्या दुपारी त्या मांडीवर ते शिंगाचं रिमोट घेऊन बसायच्या, तार ताणली जाऊ नये म्हणून टीव्हीच्या अगदी जवळ. डब्यावर त्यांनी क्रोशाचं कव्हर विणून घातलं. शेजारच्या शकुबाईंनी हौसेनं बाजारातून स्वस्तातला प्लेअर आणला, तेव्हा त्या "आमचा जपानी हाय," असं म्हणाल्या. हे म्हणताना त्यांना थोडं बरं वाटलं होतं. म्हणजे डब्याविषयीचा संशय गेला होता असं नाही. तो घराबाहेर काढायचा नव्हता, इतकंच.

पौषात रीताला स्थळ आलं. मुलगा जामचा, नाव हेमराज. जामच्या चौफुलीवर त्याचे वडील ताराचंद यांचं ताडपत्री आणि दोरांचं मोठं दुकान होतं. नागपूर-हैदराबाद रस्त्यावरचे ट्रकवाले माल झाकायला तिथूनच घेत. घर दुकानाच्या मागेच. संक्रांत झाल्यावर शोभाबाई आणि मोतीलाल रीताला घेऊन घर पाहायला गेले.

सगळं चांगलं होतं. शोभाबाईंच्या मते तीच पहिली अडचण होती. पाहुण्यांपुढे पोहे आले, शिरा आला. ताराचंद कापसाच्या भावाबद्दल बोलले. त्यांच्या पत्नी जमनाबाई फारसं बोलल्या नाहीत. त्या खुर्चीच्या कडेवर बसून शोभाबाईंकडे पाहत होत्या, आणि शोभाबाईंनी पाहिलं की त्या दुसरीकडे बघायच्या. थोरली सून रक्षा पाणी घेऊन आली, डोक्यावर पदर, तोंडावर हसू. पाणी दिलं आणि गेली ती गेलीच. परत आलीच नाही. पोहे जमनाबाईंनीच आणले, ताटल्याही त्यांनीच उचलल्या. मध्येच बाहेरून एका पुरुषाचा दांडगा आवाज आला आणि त्यापाठोपाठ बाईमाणसाचं मोकळं हसणं. जमनाबाईंनी झटकन उठून मधलं दार लोटून घेतलं.

परतीच्या काळी-पिवळी जीपमध्ये शोभाबाई म्हणाल्या, "थे दार काऊन लावलं?"

"धूळ येत असंन," मोतीलाल म्हणाले.

"सून कुठं गेली?"

"कामात असंन."

"पाहुने घरात असताना सुनेले घराबाहेर कोनतं काम असते?"

मोतीलालांनी खिडकीबाहेर पाहिलं. मागच्या सीटवर रीता आपल्याच विचारात होती. गच्चीवर हेमराजशी तिचं थोडं बोलणं झालं होतं. काही विचारायचं असेल तर विचार, असं म्हणून त्यानं स्वतःच आधी सांगून टाकलं होतं, की तो बारावीला एकदा नापास झाला आहे आणि हे बायोडाटात लिहिलेलं नाही. रीताला तो तेवढ्यानंच आवडला होता. घरी आल्यावर तिनं आईला ते सांगितलं.

"त्यानं स्वतःहून सांगतलं, आई."

"एक स्वतःहून सांगतलं म्हणजे दोन लपवले," शोभाबाई म्हणाल्या. मग लेकीचा चेहरा पाहून आवाज खाली आणून म्हणाल्या, "तुले आवडला हाय, थे दिसून राह्यलं मले. म्हणूनच पाहून राह्यली मी. तू तं पाहनार नाईस आता."

त्यांनी जामला फोन केला. रीताला थोरल्या सूनबाईंचा मेकअप पाहायचा आहे, लग्नाची सीडी मिळेल का? दोन दिवसांनी जामहून येणाऱ्या एस.टी.च्या कंडक्टरबरोबर पाकीट आलं. प्लास्टिकच्या कव्हरात तीन सीड्या, कव्हरावर रक्षा आणि तिच्या नवऱ्याचा गुलाबाच्या बदामात बसवलेला फोटो.

लाइट जायच्या आत पाहून घ्यायचं म्हणून शोभाबाईंनी दुपारचं जेवण उरकून घेतलं. दार लावलं. क्रोशाचं कव्हर काढलं, पहिली सीडी घातली. डबा आत कुरकुरला. टीव्हीवर आधी काळोख झाला आणि मग सगळा पडदा लाल झाला.

लाल म्हणजे गुलाल-कुंकवाचा नव्हे, सुकत आलेल्या रक्तासारखा, मध्ये मध्ये काळपट. त्यावर इंग्रजीत एक ओळ. शोभाबाईंनी फुलीचं बटण दाबलं, गोळ्याचं दाबलं. पडदा तसाच.

"रीता, हे काय लिवलं हाय?"

रीतानं वाचलं. "बरोबर सीडी टाका, असं म्हणते."

"म्हणजे ही बरोबर नाई?"

"तसं नाई, आई..."

"वाचलं तं तूच नं."

दुसरी सीडी घातली. लाल. तिसरीही लाल. शोभाबाईंनी खात्रीसाठी जुन्या हिंदी पिक्चरची सीडी घातली, तर तो मुकाट्यानं सुरू झाला, गाण्यासकट. त्यांनी ती बंद केली आणि रिमोट मांडीवर ठेवून तशाच बसून राहिल्या. इतक्या वर्षांत त्यांनी फाटलेल्या कॅसेटी पाहिल्या होत्या, मधला तुकडा पुसून त्यावर गाणं भरलेल्या पाहिल्या होत्या. पण काहीच नसलेली कॅसेट अजून कोणी धाडली नव्हती.

"शकुबाईकडं लावून पाहू," रीता म्हणाली. "त्यांच्या प्लेअरमधे..."

"शकुबाईकडं लावली म्हणजे उद्या हिंगणघाटपर्यंत लोकं इचारतीन. नाई. जे हाय थे घरात राहीन."

त्यांनी जामला फोन लावला. आधी तब्येतीची चौकशी केली, मग म्हणाल्या, "जमनाबाई, त्या सीड्या कोऱ्या दिसून राह्यल्या जी."

"कोऱ्या कशा असतीन? परवाच पाह्यल्या आमी."

"आमच्याइथं तं तिन्ही नाई चालल्या."

"मंग तुमची मशीन पाहा."

"आमच्या मशीनले काय धाड भरली? जपानी हाय."

"असंन," जमनाबाई म्हणाल्या. "आमच्याइथं साधीच हाय, पन थे चालते. पाहाचं नसंन तं तसं सांगा, बाई. मशीनवर काऊन घालता?"

शोभाबाईंनी फोन ठेवला तेव्हा त्यांचा कान तापला होता. मोतीलाल दुकानातून आत डोकावले.

"उद्या सीड्या परत धाडा," त्या त्यांना म्हणाल्या. "अन् सांगा का पत्रिका जुळत नाई."

"पत्रिका तं जुळली."

"मंग नाई जुळली म्हणून सांगा."

रीता भांडी आवरत होती. पातेलं तिनं ओट्यावर इतक्या हळू ठेवलं, की शोभाबाईंना त्या आवाज न होण्याचाच त्रास झाला.

रात्री जेवणं होण्याआधी निकेशचा फोन आला. रीतानं दुपारीच पीसीओवरून त्याला गाठलं असणार, हे शोभाबाईंनी त्याच्या 'हॅलो'वरूनच ओळखलं.

"आई, त्या सीड्या व्हीसीडी असतीन," तो घाईनं म्हणाला. "लग्नाच्या व्हीसीडीच असते. त्या ह्या डब्यात नाई चालत. फक्त डीव्हीडी चालते."

"सीडी म्हणजे सीडी."

"नाई आई, दोन प्रकारच्या असते. वरून सारख्याच दिसते."

"तू तं प्लेअर म्हणून आनला होता. मंग प्लेअरात सीडी काऊन नाई चालत?"

निकेश गप्प झाला. शोभाबाईंनी ती शांतता ऐकून घेतली. माल भिजलेला असला की गाडीवाले इतकाच वेळ गप्प राहतात.

"आई," तो शेवटी म्हणाला, "थो प्लेअर नाई. खेळाचा डबा हाय. गेम खेळाचा. रूमवरच्या पोरानं इकला, मी घेतला. पिक्चर त्याच्यात चालते, पन थे वरचं काम हाय त्याचं. तू ओरडशीन म्हणून तसं सांगतलं."

"म्हणजे त्या दिवशी हिरो येनारच नव्हता."

"हिरो मीच होतो, आई."

दुसऱ्या एखाद्या वेळी त्या हसल्या असत्या. आत्ता त्यांनी फोनची तार बोटाला गुंडाळली आणि विचार केला. दिवाळीपासून डबा प्लेअर होता. बहिणीचं जुळत आलेलं मोडायला लागलं, तेव्हा आज तो अचानक खेळाचा झाला. हे कबूल करणं फार सोयीचं होतं. बहिणीच्या डोळ्यांतलं पाणी थांबवायला भाऊ याहून मोठं खोटं बोलला असता.

"तुले रीतानं सांगाले लावलं?"

"आई! खरं सांगून राह्यलो मी."

"दिवाळीतबी खरंच सांगून राह्यला होता," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

त्या डब्यापुढं जाऊन बसल्या. बंद डबा कव्हराखाली मांजरासारखा दबून होता. तो खेळाचा असेल तर जामची माणसं खरी आणि पोटचा पोरगा दिवाळीपासून खोटा. तो प्लेअर असेल तर पोरगा दिवाळीत खरा आणि जामची माणसं खोटी. दोन्हींत कोणीतरी घरचंच जात होतं. पहिल्यात निकेश, दुसऱ्यात रीताचं मन. शकुबाईंच्या घरी जाऊन सीडी लावली असती तर एका मिनिटात निकाल लागला असता, हे शोभाबाईंना कळत नव्हतं असं नाही. पण त्यांना निकालाचीच भीती वाटत होती की काय, कोण जाणे. त्या बसून राहिल्या आणि दुसऱ्या दिवशी सीड्या परत धाडायच्या राहून गेल्या. तिसऱ्या दिवशीही राहिल्या. मोतीलालांनी आठवण केली नाही. त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

रविवारी सकाळी अकराच्या सुमारास दुकानापुढं काळी-पिवळी थांबली आणि तीतून रक्षा उतरली. एकटीच. काखेत शालीत गुंडाळलेलं काहीतरी होतं, तान्हं पोर धरावं तसं धरलेलं. मोतीलाल गल्ल्यावरून उठलेच.

"बाबूजी, काकू हायेत नं घरात?"

पडदा आधीच हलला होता. शोभाबाईंनी तिला आत घेतलं. पाणी दिलं. मनात एक एक गोष्ट मांडून झाली: नवऱ्याशिवाय आली, सासूशिवाय आली, आणि रीता सकाळपासून नवा ड्रेस घालून बसली आहे. म्हणजे हिला बोलावून घेतलेलं आहे.

"सासूबाईंना माहीत हाय, तुम्ही आल्या थे?" त्यांनी विचारलं.

"त्याच म्हणल्या, जा अन् दाखवून ये एकदाचं," रक्षा म्हणाली. "अन् मले अहोजाहो नका करू, काकू." तिनं शाल सोडली. आत एक स्वस्तातला चंदेरी प्लेअर होता, कोपऱ्यावर टवका उडालेला. "आमची साधी मशीन. म्हटलं, तुमच्या जपानीले भेटवावं."

टोमणा होता, पण तो इतक्या हसऱ्या तोंडानं आला की शोभाबाईंना त्यावर बोट ठेवता येईना. रक्षा जमिनीवर बसली, काळ्या डब्याच्या तारा उपटून तिनं आपल्या प्लेअरला लावल्या. बोटं सरावाची होती. पहिली सीडी आत गेली, आणि टीव्हीवर ढोल वाजू लागला. गुलाबाचा बदाम फिरत फिरत आला, त्यात रक्षा, गालावर टिकल्या लावलेली, घाबरलेली.

म्हणजे निकेश फोनवर खरं बोलला होता. शोभाबाईंच्या मनावरचं एक ओझं उतरलं आणि त्यांनी लगेच दुसरं उचललं. त्या पुढं सरकल्या आणि मागच्यांकडे पाहू लागल्या.

रक्षानं त्यांच्याकडे एकदा पाहिलं. "काकू, तुम्हाले काय पाहाचं हाय थे मी सांगू? तुमी आल्या त्या दिवशी मी कुठं गेलती, थे."

रीता स्वयंपाकघराच्या दारात होती.

"दुकानात होती," रक्षा म्हणाली. "सासरे अन् हे दोघंबी पाहुण्यांजवळ बसले होते. भर दुपारचा वेळ, ट्रकवाला आला होता, त्याले सोळा हातांची ताडपत्री पायजे होती. मीच बसते दुकानात दुपारचं. थो ड्रायव्हर आमचा जुना हाय, पंजाबी, त्याची मराठी आयकून हासू येते. सासूबाईंना वाटलं, तुमी म्हणसान सूनबाई दुकानात बसवते, माणसांत हासते. म्हणून दार लावलं."

"मंग सांगाचं नं," शोभाबाई म्हणाल्या.

"तुमी इचारलं नाई."

बाहेर मोतीलाल जोरात खाकरले. ते ऐकत होते तर.

टीव्हीवर पंगत बसली होती. शोभाबाईंनी तिकडे बोट दाखवलं. "तुही सासू इथं कोनावर चिडली?"

"माह्या मामावर. आहेराच्या साडीचा रंग पसंत पडला नाई. दोन दिवस बोलल्या नाई त्या. फटकळ हायेत, काकू. खोटं काऊन सांगू? रीताले आयकून घ्या लागंन." मग ती थोडी अडखळली. "अन् एक सांगते. म्हणजे सांगाचं नव्हतं, पन तुमी असं पाहून राह्यल्या म्हणून. सासूबाईंनीबी तुम्हाले पाह्यलं."

"घर पाहाले आलो तवा?"

"त्याच्या आधी. तुमच्या भावाच्या पोरीचं लग्न झालं नं वडनेरले, त्याच्यातला नवरदेव सासूबाईंच्या मामेभावाचा पोरगा. स्थळ निघालं तसं त्यांनी थे सीडी मागवली. तुम्हाले पाहाले."

शोभाबाईंची नजर टीव्हीवरून निघाली. आयुष्यात पहिल्यांदा बहुतेक त्यांनी चालू लग्न अर्धवट सोडलं होतं. वडनेरच्या त्या लग्नात व्हिडिओवाला कुठं उभा होता, हे आठवायचा त्या प्रयत्न करत होत्या. आपण कोणती साडी नेसलो होतो, तेही आठवेना.

"मी दिसते त्याच्यात?"

"समोर नाई. मागं. खांबाजवळ उभ्या हाय तुमी. हातात कोनाचं तरी लेकरू. सगळ्यांकडं पाहून राह्यल्या."

"मंग काय म्हणली तुही सासू? बाई संशयी हाय, म्हणली असंन."

"हो, थेबी म्हणल्या. म्हणल्या, ही बाई नजर ठेवनारी हाय, हिची पोरगीबी तशीच निघाली तं आपल्याले जड जाईन." रक्षानं टीव्हीचा आवाज कमी केला. "मंग पंगती आल्या. पहिली झाली, दुसरी झाली, बायांची झाली. व्हिडिओवाला दर खेपेले तिकून फिरते, अन् तुमी त्याच खांबाजवळ. शेवटी थे मांडवातल्या चटया गुंडाळून राह्यले, तरी तुमी उभ्याच. तं सासूबाई म्हणल्या, अवं, हिच्या माहेरचं लग्न हाय, अन् हिले कोनी जेवाले बलावलं नाई."

शोभाबाईंनी पदराचं टोक सरळ केलं, मग पुन्हा केलं. त्या दिवशी त्यांनी घरी येऊन रात्री वरण-भात खाल्ला होता. मोतीलालांनी विचारलं नव्हतं, त्यांनी सांगितलं नव्हतं. भावाला माहीत नव्हतं, वहिनीला नव्हतं. मांडवभर माणसांत कोणाच्याही ध्यानात न आलेली ती गोष्ट जामच्या एका बाईला टीव्हीच्या पडद्यावर, नवरा-नवरीच्या मागे, दिसली होती.

"हे खरंच म्हणली थे?" त्यांनी विचारलं. आवाज हवा होता तितका कडक निघाला नाही. "का तू जोडून राह्यली?"

"सीडी हाय आमच्या घरी. पुढच्या खेपेले आनते."

"आन," शोभाबाई म्हणाल्या.

रक्षा दुपारी जेवून निघाली. शोभाबाईंनी तिला स्वतः वाढलं, आणि ती नको म्हणत असताना दोनदा भात घातला. प्लेअर शालीत गुंडाळून द्यायला रीता दारापर्यंत आली. तिला आईकडे पाहायचा धीर होत नव्हता; पोरगी चपलांकडे पाहत होती. काळी-पिवळीवाला हॉर्न वाजवू लागला.

शोभाबाई पडदा बाजूला करून दुकानात आल्या, भर दिवसा, गिऱ्हाईक उभं असताना. मोतीलाल गल्ल्यावरून अर्धे उठले.

"तुह्या सासूले सांग," त्या रक्षाला म्हणाल्या, "पुढच्या रविवारी बोलनी कराले या म्हणा. सगळे या. दुकान बंद करून या." मग क्षणभर थांबून पुढं म्हणाल्या, "अन् साखरपुड्याले शूटिंगवाला आमच्याकडचा राहीन. थे आत्ताच सांगून ठेवते."

"काऊन, काकू?"

"आमच्यावाल्याले मी सांगीन, कोनाकोनाले घ्याचं थे."

रक्षा हसली. गाडी जामच्या रस्त्याला लागेपर्यंत ती मागं वळून रीताकडे हात हलवत होती, आणि शोभाबाई दुकानाच्या पायरीवर उभ्या राहून, ती पुढं वळल्यावर चेहरा कसा करते, ते पाहत होत्या.